रक्ताचा नमुना आणि घराण्याचा हिशेब

(पहूर, ता. जामनेर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पहूर पेठ आणि पहूर कसबे ह्या जोडगावांत, किंवा वाघूरच्या काठाने वर-खाली वसलेल्या कोणत्याही गावात, दहा-वीस वर्षांत एकदा तरी अशी बातमी येते. कापसाच्या गाड्या भरणारा, कबड्डीच्या मैदानावर कधी दम न लागलेला पंचविशीतला मुलगा धावता धावता कोसळतो आणि पुन्हा उठत नाही. लोक म्हणतात, ‘अ‍ॅटॅक आला.’ दाखल्यावर लिहिले जाते, ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.’ हृदयक्रिया बंद पडल्यावाचून कोणीच मरत नाही, तेव्हा ह्या नोंदीने काही सांगितले असे होत नाही. मग म्हातारी माणसे आठवू लागतात की, ह्याचा चुलताही असाच गेला होता, शेतात औत धरलेले असताना. कोणी नजर लागली म्हणते, कोणी घराण्याला शाप आहे म्हणते. शापाची कल्पना विवेकी माणसाने टाकूनच द्यावी. परंतु तिच्यात दडलेले निरीक्षण टाकून देण्याजोगे नाही. मृत्यू एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा येतो आहे, एवढे त्या म्हाताऱ्या माणसांनी अचूक पाहिलेले असते. आनुवंशिक हृदयविकारावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाचे काम नेमके येथून सुरू होते.

ह्या विकाराची शास्त्रीय ओळख फार जुनी नाही. १९५८ साली डोनाल्ड टिअर ह्या इंग्रज विकृतिशास्त्रज्ञाने अकस्मात मरण पावलेल्या काही तरुणांची हृदये उघडून पाहिली, तेव्हा हृदयाच्या दोन जवनिकांमधील पडदा विलक्षण जाड झालेला त्याला आढळला. १९६१ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या एका फ्रेंचभाषक घराण्याची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या असे मृत्यू होत आले होते, आणि तेथेही लोक शापाचीच भाषा बोलत असत. १९९० साली बोस्टन येथील क्रिस्टिन व जोनाथन साइडमन ह्यांच्या प्रयोगशाळेने त्याच घराण्याच्या वंशजांच्या रक्तातून विकाराचे मूळ शोधून काढले. स्नायूच्या आकुंचनाचे काम करणारे मायोसिन नावाचे जे प्रथिन, त्याच्या जनुकातील एका अक्षराचा बदल एवढेच ते मूळ होते. जनुकाच्या लिपीत अक्षरे चारच असतात आणि मानवी जनुकसंचात त्यांची संख्या सुमारे तीन अब्ज आहे. तीन अब्जांतील एक अक्षर चुकले, आणि शापाची जागा कारणाने घेतली.

विकाराचे स्वरूप साध्या शब्दांत सांगता येते. हृदयाच्या स्नायूत अ‍ॅक्टिन व मायोसिन ह्यांचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि हृदय आकुंचन पावते. त्या तंतूंना बांधून ठेवणारे व त्यांच्या गतीला आवर घालणारे आणखी एक प्रथिन असते. त्याचा जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यातील दोषांमुळेही हाच विकार होतो, हे १९९५ साली सिद्ध झाले. दोष असला की हृदयाची भिंत जाड होत जाते. एरवी बारा मिलिमीटरच्या आत असणारी ही भिंत पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरली, आणि रक्तदाबासारखे दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर ह्या विकाराचे निदान करतात. स्नायूंचे धागे ओळीने राहत नाहीत, वेडेवाकडे होतात, आणि हृदयाची लय कधीतरी अचानक बिघडते. साधारण पाचशे माणसांत एकाला हा विकार असतो. आई किंवा बाप ह्यांपैकी एकाकडे सदोष जनुक असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग ते मुलगा असो वा मुलगी. तथापि जनुक मिळालेल्या सर्वांना त्रास होतोच असे नाही. कोणी विशीत जातो, कोणी ऐंशी वर्षे सुखाने जगतो.

आता ह्या देशातील संशोधनाकडे वळले पाहिजे, कारण त्या हकिकतीत शास्त्र किती शिकवते तेवढेच वृत्तपत्रेही शिकवतात. त्या अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात पंचवीस अक्षरे गळालेली असल्याचे २००३ साली दोन भारतीय कुटुंबांत आढळल्याचे प्रसिद्ध झाले होते. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. कुमारसामी थंगराज आणि मूळचे मदुराई कामराज विद्यापीठातील डॉ. पेरुंदुरै धंदपाणी ह्यांनी देशातील व परदेशातील अनेक सहकाऱ्यांसह हा धागा पुढे नेला. हृदयस्नायूचा विकार असलेल्या आठशे रुग्णांची तुलना निरोगी माणसांशी करण्यात आली. मग ही गळती देशात कितपत पसरली आहे हे पाहण्यासाठी १०७ समाजगटांतील सहा हजारांवर माणसांचे रक्त तपासले गेले. जानेवारी २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ ह्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत ही गळती आहे, तिचे वय सुमारे तेहतीस हजार वर्षे असावे, आणि ती असलेल्यांना हृदयविकाराचा धोका कितीतरी पटीने अधिक आहे.

चार टक्के म्हणजे पंचवीस माणसांत एक. दहा हजार वस्तीच्या गावात चारशे. देशाच्या लोकसंख्येला लावले तर पाच-सहा कोटी. वृत्तपत्रांनी साहजिकच हा आकडा उचलला आणि सहा कोटी भारतीयांच्या हृदयात टाइमबाँब असल्यासारखे मथळे दिले. पहूरच्या बाजारात अशी बातमी वाचणाऱ्याने काय करावे, हे मात्र त्या मथळ्यांखाली कोठेच नव्हते.

पुढे काय झाले ते मथळ्यांत आले नाही. शंका घेणारे शास्त्रज्ञ होतेच. पाच कोटी माणसांमध्ये इतका घातक दोष असता, तर विकाराचे प्रमाण आज दिसते त्याहून फार मोठे दिसायला हवे होते. २०२० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांचे जनुक पुन्हा बारकाईने वाचले. तेव्हा असे आढळले की, पंचवीस अक्षरांच्या गळतीचा बहुतेकांना उपद्रव नाही. ती ज्यांच्यात आहे त्यांच्यापैकी अगदी थोड्यांच्या त्याच जनुकात, थोड्या अंतरावर, एका अक्षराचा आणखी एक बदल असतो. धोका प्रामुख्याने त्या दुसऱ्या बदलाचा आहे. गळती त्याच्या सोबतीला असल्यामुळे बदनाम झाली. चोराबरोबर एकाच गाडीतून उतरलेल्या प्रवाशाला पोलिसांनी धरावे, तसा हा प्रकार. त्याआधी २०१८ साली अमेरिकेतील दुसऱ्या एका गटानेही गळती असलेल्यांपैकी सुमारे एकदशांश लोकांत वेगळाच एक सोबती-बदल दाखवून दिला होता.

ह्यावरून २००९ चे संशोधन चुकीचे किंवा वाया गेलेले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. एवढ्या मोठ्या प्रमाणावर ह्या देशातल्या सामान्य माणसांचे रक्त तपासण्याचे काम त्या संशोधकांनी केले नसते, तर पुढच्यांना शंका घ्यायलाही आधार मिळाला नसता. शास्त्र असेच पुढे जाते. आपली चूक स्वतः शोधून ती छापण्याची रीत ज्या थोड्या मानवी व्यवहारांत आहे त्यांपैकी ते एक आहे. राजकीय पक्षांना हे वाक्य टोचले तर टोचू द्यावे. पण एक प्रश्न उरतोच. २००९ ची भीती ज्याच्यापर्यंत पोचली, त्याच्यापर्यंत २०२० चा दिलासा कोणी पोचवला? रक्त देणाऱ्याला निष्कर्ष कळवण्याची, आणि निष्कर्ष बदलला तर तोही कळवण्याची जबाबदारी कोणाची? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत ह्याचा विचार आहे. पण तत्त्व कागदावर असते आणि गावकरी गावात असतो.

संशोधकाचे रोजचे काम कसे चालते हेही कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे, कारण उद्या ह्याच गावात कोणी नमुने घ्यायला येईल. पहिले काम रक्ताचे नसून वंशावळीचे असते. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. विकार असेल तर आकृती काळी भरायची, मृत असेल तर तिच्यावर तिरपी रेघ ओढायची. तीन पिढ्यांची अशी आकृती काढायला एखादा दिवस सहज जातो, कारण घरातल्या मृत्यूंविषयी माणसे एका बैठकीत बोलत नाहीत. त्यानंतर दंडातून चमचा-दोन चमचे रक्त, ते गोठू नये म्हणून औषध घातलेली नळी, बर्फाची पेटी, आणि संमतिपत्रावर सही किंवा अंगठा. प्रयोगशाळेत त्यातून डीएनए वेगळा काढतात, यंत्राने त्याची अक्षरे वाचतात, आणि मग महिनोन्महिने संगणकापुढे बसून काम चालते. प्रत्येक माणसाच्या जनुकसंचात प्रमाण संचाहून निराळी अशी लक्षावधी अक्षरे असतात. त्यांतील रोगाला कारण होणारे अक्षर कोणते आणि निव्वळ निराळे कोणते, हे ठरवणे हेच खरे काम. अनेकदा उत्तर येते : ‘अर्थ अनिश्चित.’ ज्या घरात तरुण मृत्यू झाला आहे त्या घराला हे उत्तर देणे सोपे नसते. प्रामाणिक शास्त्रज्ञ ते देतो. बाजारात दुकान मांडून बसलेला पुष्कळदा रंगीत अहवाल देतो.

आणि अर्थ लावण्यासाठी तुलना कोणाशी करायची? येथे विषमतेचा प्रश्न प्रयोगशाळेच्या आत शिरतो. २०१६ साली झालेल्या एका मोजणीत असे दिसले की, जगभरच्या मोठ्या जनुकीय पाहण्यांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्याच वर्षी अर्जुन मनराई आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एक प्रकार उघडकीस आणला, आणि तो ह्याच हृदयविकाराचा होता. काही कृष्णवर्णीय अमेरिकनांना ‘तुमच्यात रोगकारक जनुक आहे’ असे सांगण्यात आले होते. वास्तविक ते बदल कृष्णवर्णीयांमध्ये सर्रास आढळणारे व निरुपद्रवी होते. तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसे बहुतांशी गोरी होती, म्हणून जे गोऱ्यांत नाही ते रोगट ठरले. सुरुवातीच्या त्या अभ्यासांत थोडे जरी कृष्णवर्णीय लोक घेतले असते तरी ही चूक टळली असती, असे त्या संशोधकांनी दाखवून दिले. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली हाती घेतलेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाकडे ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे. सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली करण्यात आली, ती फरीदाबादच्या सरकारी केंद्रात आहे. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक संस्थांनी हे काम केले ही समाधानाची गोष्ट आहे.

जातीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म म्हणून बोट ठेवले ते जातीअंतर्गत विवाहावर. पुढे इरावती कर्वे व कैलाश मल्होत्रा ह्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची शारीरिक मोजमापे व रक्तगट तपासून १९६८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि एकाच वर्णातल्या म्हणवणाऱ्या ह्या जाती एकाच मुळापासून फुटलेल्या नाहीत असा विचार मांडला. आज जनुकशास्त्र जे सांगते ते असे : ह्या देशातले निरनिराळे लोकसमूह सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मोकळेपणाने मिसळत होते, नंतर दारे बंद झाली. २०१७ साली थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांतल्या ८१ गटांत थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फार ठळक आढळल्या. अशा गटांत आई-बाप दोघांकडून एकच सदोष जनुक येण्याची व काही दुर्मिळ रोग होण्याची शक्यता वाढते. शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांना शास्त्राने दिलेला हा हिशेब आहे.

उलट, हृदयाच्या जनुकातली ती पंचवीस अक्षरांची गळती तेहतीस हजार वर्षे जुनी मानली, तर ती जातीहून, धर्माहून, शेतीहूनही जुनी ठरते. म्हणूनच ती कोणा एका जातीची नाही. ती पाकिस्तानात आहे, श्रीलंकेत आहे, मलेशिया-इंडोनेशियापर्यंत गेलेली आहे. मात्र ह्या माहितीचा उपयोग ‘अमक्या समाजाचे जनुक’ अशी नवी पाटी लावण्यासाठी होऊ शकतो, ह्याविषयी सावध राहिले पाहिजे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सिकलसेलच्या तपासण्या काही राज्यांनी सक्तीच्या केल्या, आणि रोग नसलेल्या केवळ वाहकांनाही नोकरीत व विम्यात नाकारले जाऊ लागले. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल वस्त्यांत सिकलसेलच्या तपासण्या चालतात, त्या आवश्यकच आहेत. पण तपासणीबरोबर समजावून सांगणारे माणूस नसेल, तर हातात पडलेला कागद लग्नाच्या बाजारात मुलीविरुद्ध वापरला जातो.

विम्याचे प्रकरण तर थेट ह्याच विकाराचे आहे. एका सरकारी विमा कंपनीने जाड भिंतीच्या ह्याच हृदयविकाराने आजारी पडलेल्या विमाधारकाचा दावा ‘जनुकीय विकार’ म्हणून फेटाळला. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, जनुकीय विकार असे मोघम म्हणून दावा नाकारणे हा भेदभाव आहे आणि राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाशी तो विसंगत आहे. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिकेत जनुकीय भेदभावाविरुद्ध २००८ साली स्वतंत्र कायदा झाला, तोही आयुर्विम्याला लागू नाही. ह्या देशात तेवढाही स्वतंत्र कायदा नाही. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात जनुकीय माहितीला संवेदनशील माहिती म्हणून वेगळे संरक्षण होते. २०२३ साली संमत झालेल्या कायद्यातून तो वर्गच गळाला. ही गळती मात्र खरोखर उपद्रवी आहे.

औषधाचे थोडक्यात. ह्या विकाराच्या मुळावरच काम करणारे मावाकॅम्टेन नावाचे औषध अमेरिकेत २०२२ साली मान्य झाले. तेथील त्याची वर्षाची छापील किंमत त्या वेळी सुमारे ८९,५०० डॉलर होती. ते ज्या कंपनीने विकसित केले तिला त्याआधीच एका बड्या औषध कंपनीने १३ अब्ज डॉलरांहून अधिक देऊन विकत घेतले होते. ज्या मूलभूत संशोधनातून औषधाची कल्पना निघाली त्यात सार्वजनिक निधीचा आणि रक्त देणाऱ्या शेकडो कुटुंबांचा वाटा किती, हे त्या सौद्यात कोणी मोजले नाही.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. खानदेशातल्या गरिबांच्या मुलांना जनुकाची चैन कशाला? दाटीवाटीच्या घरात घसा येतो, त्यावर उपचार होत नाहीत, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होतात. पेनिसिलिनच्या साध्या इंजेक्शनाने टळणारा हा संधिवाती हृदयविकार आधी संपवा. अगदी खरे. पण दोन्हींची वाट एकाच दारातून जाते. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ह्याच राज्यात, पालघरला झाला. शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणारी पथके त्यातून आली. हृदयाला स्टेथोस्कोप लावून ‘येथे आवाज वेगळा आहे’ एवढे ऐकणारा कान गावापर्यंत आला, तर तो झडपेचाही आवाज ऐकेल आणि जाड भिंतीचाही. हृदयाच्या आलेखाला महागडे यंत्र लागत नाही, आणि ह्या विकाराच्या बहुतेक रुग्णांच्या आलेखात काही ना काही वेगळे दिसतेच. त्यानंतर इकोची तपासणी. जनुकाची चाचणी सगळ्यांत शेवटी येते, आणि तीही आधी रुग्णाची. त्याच्यात कारण नक्की सापडले, तरच भावंडांना त्या एकाच ठिकाणचे तपासून निकाल देता येतो; ज्यांच्यात ते नाही त्यांची चिंता कायमची मिटते.

म्हणून पुढच्या वेळी मैदानावर एखादा मुलगा पडेल तेव्हा शवविच्छेदनाला नकार देणाऱ्या घराशी कोणीतरी शांतपणे बोलावे लागेल. हृदयाचे वजन करा, भिंत मोजा, आणि शक्य तर एक तुकडा किंवा थोडे रक्त राखून ठेवा, असे डॉक्टरांना सांगावे लागेल. दहन झाल्यावर हे काही उरत नाही. त्यानंतर आई, बाप, भाऊ, बहिणी ह्यांना तपासणीला न्यायचे असते. भावांना नेले जाते. बहिणीचे मागे पडते, कारण तिचे लग्न ठरायचे असते आणि घरात विकार आहे हे सोयऱ्यांना कळू नये असे वाटते. वंशावळीच्या कागदावर तिचे वर्तुळ तेवढे कोरे राहते. पुढे बाळंतपणात तिला धाप लागते, तेव्हा ती दुसऱ्या गावात असते आणि तिथल्या डॉक्टरांना त्या कागदाची माहिती नसते. जळगावला इको करून यायला पहूरहून एक दिवस लागतो. वेचणीच्या हंगामात त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे, आणि बरोबर कोणीतरी जावे लागते.